टेम्पो नावाच्या गाडीमागचा माणूस

१९९० सालच्या जूनमध्ये माझी सेनगावहून परभणीला बदली झाली. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, म्हणजे त्याला अजून नऊ वर्षं अवकाश होता. बायको मुलाला घेऊन एसटीनं पुढे गेली होती आणि मी सामानाबरोबर जाणार होतो. सामान म्हणजे काय, बँकेतल्या माणसाचं असतं तेच. एक लोखंडी कपाट, दोन पलंग, गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि पुस्तकांची अकरा खोकी. गावातल्याच एका व्यापाऱ्याची मॅटॅडोर सांगितली होती. सकाळी ती दारात येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून जो माणूस उतरला, त्याला बघून माझा चेहरा पडला.

आठ महिन्यांपूर्वी याच माणसाचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. दुसऱ्याची गाडी चालवून तो कंटाळला होता, त्याला स्वतःची मॅटॅडोर घ्यायची होती. मी नियमाप्रमाणे चौकशी केली. नावावर जमीन नाही. जामीनदार म्हणून आणलेला माणूस स्वतःच दुसऱ्या बँकेचा थकबाकीदार. शिक्षण सातवी. मी शेरा मारला, शिफारस नाही. कागदावर त्यात काहीच चूक नव्हती. आजही तो अर्ज कुणी तपासला तर मला दोष देणार नाही.

त्यानं मात्र त्या विषयाचं अक्षरही काढलं नाही. साहेब, पुस्तकांची खोकी पुढे ठेवू, एवढंच म्हणाला आणि हमालांना कामाला लावलं. मला वाटलं, पुस्तकांना पाऊस लागू नये म्हणून म्हणत असेल. खरं कारण निराळं होतं, ते मला दोन तासांनी कळलं.

सेनगावहून येलदरीकडे जाणारा रस्ता तेव्हा जेमतेम डांबरी होता. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला. ज्यांनी मराठवाड्याची काळी माती पहिल्या पावसात पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. रस्त्याच्या कडेला चाक उतरलं की ते चाक राहत नाही, चिखलाचा गोळा होतो. एका ओढ्याच्या उतारावरून गाडी खाली गेली. पलीकडचा चढ सुरू व्हायच्या आधीच, गाडी चांगली पळत असताना, त्यानं खटकन दुसरा गिअर टाकला. इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं. मला वाटलं, हा उगीच इंजिन रडवतोय. आमच्या पुढे एक ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर वरच्याच गिअरमध्ये चढावर गेला. निम्म्या चढावर त्याचं इंजिन कुंथायला लागलं, मग ठक ठक करत थरथरलं आणि बंद पडलं. आमची मॅटॅडोर त्याच्या बाजूनं, बैलाच्या चालीनं, एकाच सुरात वर गेली. चढाच्या ऐन मध्यावर पुढची चाकं थोडी घसरली. त्यानं मान मागे वळवून, मागच्या फळीवर बसलेल्या दोघा हमालांना पुढे सरकायला सांगितलं. ते कपाटाला धरून पुढे आले आणि चाकांनी जमीन पकडली.

त्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळायची. चढावर सगळं वजन मागे कलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणून पुस्तकं पुढे. कागदाइतकं जड दुसरं काय असतं? माझ्या अकरा खोक्यांचा जगाला झालेला तो पहिला प्रत्यक्ष उपयोग.

वर आल्यावर मी त्याला विचारलं, चढ यायच्या आधीच गिअर का बदललास? तो म्हणाला, चढ लागल्यावर बदलायला गेलं तर गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी भरल्या वजनानं उचलणं सोपं नसतं. इंजिनाला कुंथू द्यायचं नाही. आधी ओढ, मग पळ. पुढे परभणीपर्यंत मी त्याला बरंच विचारत राहिलो. परभणीत सामान उतरवल्यावर त्यानं ठरलेलं भाडं घेतलं, वर दिलेले दहा रुपये परत केले आणि गेला.

त्या प्रवासानंतर मला त्या गाडीचा नाद लागला. आपण मराठी माणसं कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोनं जातं, गणपतीची मूर्ती टेम्पोत बसते, घर बदलायचं तर टेम्पो बोलावतात. खेड्यातल्या आजीलाही हा शब्द परका वाटत नाही. पण हे खरं म्हणजे एका कंपनीचं नाव आहे, तीही जर्मनीतल्या हांबुर्गची. ते नाव आपल्या बोलीत आणणारा माणूस अहमदनगरचा वकील होता. नवलमल कुंदनमल फिरोदिया.

फिरोदियांचा जन्म १९१० सालचा. वडील कुंदनमल हे नगरचे नामांकित वकील आणि काँग्रेसचे पुढारी. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. घर व्यापारी परंपरेच्या जैन समाजातलं, पण वारं गांधीजींच्या चळवळीचं. नवलमल वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला. त्याच काळात त्यांच्या गावच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य कैदेत होते. नगरच्या त्या पिढीला चळवळ वर्तमानपत्रात वाचावी लागली नाही, ती वेशीतच येऊन बसली होती.

कादंबरीकार म्हणून मला या माणसाच्या आयुष्यात एक जागा फार अवघड वाटते. सदतिशीच्या घरातला, वकिली जमलेला, तुरुंगात जाऊन आलेला, वडील विधानसभेचे अध्यक्ष. अशा माणसापुढे १९४७ साली सरळ रस्ता कोणता होता? राजकारण. निवडणूक, मग मंत्रिपद, मग एखादा साखर कारखाना. त्या काळी कितीतरी जण त्या रस्त्यानं गेले. फिरोदियांनी त्या वर्षी कारखानदारीचा रस्ता धरला आणि उद्योगाचं नाव ठेवलं जय हिंद. मी हे पात्र कादंबरीत घेतलं असतं तर संपादकानं मला विचारलं असतं, अहो, वकील एकदम यंत्रांकडे कसा वळला, ते पटत नाही. आयुष्य संपादकाला विचारून चालत नाही.

त्यांच्या वळण्यामागे एक दृश्य होतं, आणि ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. माणसानं माणसाला ओढण्याचं. रिक्षा हा शब्दच मुळात जपानी, आणि त्याचा अर्थ माणसाच्या बळावर चालणारं वाहन. कलकत्त्यात हातरिक्षा होत्या, इतर अनेक शहरांत सायकलरिक्षा आल्या होत्या. पुण्यात टांगे होते. स्वतंत्र देशात एका नागरिकानं दुसऱ्याला घोड्यासारखं ओढावं, हे गांधीजींच्या वाऱ्यातल्या माणसाला सलणारच. पण नुसतं सलून काय होतं? सायकलरिक्षा बंद करा म्हणणं सोपं आहे. ती चालवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी काय खायचं, याचं उत्तर बंदीत नसतं.

इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीनं युद्धानंतर व्हेस्पा स्कूटर काढली, आणि १९४८ साली तिच्याच अंगाची तीन चाकी मालगाडी. युद्धात सगळं गमावलेल्या इटलीत दुकानदारांना, भाजीवाल्यांना परवडणारी गाडी हवी होती, म्हणून ती निघाली. फिरोदियांचं लक्ष या गाडीवर गेलं. माल वाहणाऱ्या त्या तीन चाकांवर माणसं बसवता येतील, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ती गाडी मागवली, तिच्यावर बैठक बसवली आणि तेव्हाचे मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ती चालवून दाखवली. मोरारजींना पटवणं म्हणजे काय, हे त्या पिढीतल्या वाचकांना ठाऊक आहे. परवानगी मिळाली. ऑटोरिक्षा आपल्या रस्त्यावर आली ती अशी.

इथे थोडं यंत्राचं बोलायला हवं. घरातल्या ज्यांना ते नको असेल त्यांनी चहा ठेवायला हरकत नाही, पण मला वाटतं त्यांनीही ऐकावं.

त्या रिक्षाचं इंजिन केवढं होतं? पुढे वर्षानुवर्षं आपण ज्या रिक्षांतून फिरलो त्यांचं इंजिन दीडशे सीसीच्या आसपासचं, म्हणजे एखाद्या स्कूटरचंच. त्यावर चालक, तीन प्रवासी आणि त्यांच्या पिशव्या. एवढं वजन एवढंसं इंजिन ओढतं कसं? याचं उत्तर गिअरमध्ये आहे. पाना लावून नट सुटत नसला की गॅरेजवाला पान्याच्या दांड्यात लांब नळी घालतो. हात तोच, पण पीळ वाढतो. मात्र तेवढाच नट फिरवायला हाताला जास्त अंतर जावं लागतं. गिअर म्हणजे ही नळी. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे चार फेरे होतात तेव्हा चाकाकडे एकच फेरा जातो. वेग चौथाई होतो, पण पीळ जवळजवळ चौपट. या पिळालाच टॉर्क म्हणतात. हॉर्सपॉवर म्हणजे हा पीळ किती झपाट्यानं दिला जातो त्याचा हिशेब. जाहिरातीत हॉर्सपॉवर छापतात, चढावर टॉर्क लागतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. रिक्षाचं इंजिन हवेवर थंड होणारं. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही, नळ्या नाहीत. इंजिनाबरोबरच फिरणारा पंखा त्याच्यावर हवा मारतो. उन्हाळ्यात पाणी उकळायचा प्रश्न नाही आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच्या पोराला जमते. पण या सोयीत एक खोच आहे. पंखा इंजिनाच्या तालावर फिरतो. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू. आता समजा तुम्ही चढावर वरचाच गिअर ठेवला आणि मूठ पूर्ण पिळली. पेट्रोल भरपूर जळतंय, उष्णता पुष्कळ निर्माण होतेय, पण फेरे कमी असल्यामुळे वारा मात्र मंद. इंजिन आतल्या आत भाजून निघतं. खालच्या गिअरमध्ये ते मोठ्यानं ओरडतं, म्हणून नवख्याला वाटतं त्याला त्रास होतोय. खरं तर तेव्हा ते सुखात असतं, पंखा जोरात फिरत असतो. त्रास होतो तो कुंथताना, आणि तेव्हा आवाज कमी असतो. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मी म्हणू शकतो की माणसांचंही फारसं वेगळं नसतं. असो.

लहानपणी औरंगाबादला मी एक गाडी पाहिली होती. १९७० च्या आसपास युरोपातली तरुण मुलं गाड्या घेऊन इराण, अफगाणिस्तानमार्गे हिंदुस्थानात यायची. वेरूळ-अजिंठा बघून पुढे गोव्याला जायची. त्यांच्यातल्या एका जोडप्याची गाडी म्हणजे चाकांवरचं घरच होतं. आत पलंग, पडदे, स्टोव्ह. ती फोक्सवॅगनची व्हॅन. आम्ही पोरांनी पुढे वाकून रेडिएटर शोधला आणि तो सापडेना. इंजिन मागे होतं आणि तेही हवेवर थंड होणारं. तसल्या एखाद्या घराला सुरुवातीच्या वर्षांत ११३१ सीसीचं, पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन ओढत असे. आजच्या कुठल्याही मोटारसायकलवाल्या पोराला हसू येईल. पण त्या इंजिनाचा सगळ्यात मोठा पीळ मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच मिळायचा. त्यांचा पंखा इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट वेगानं फिरायचा. शिवाय मागच्या चाकांशी आणखी एक गिअरची जोडी बसवलेली असे, पीळ वाढवण्यासाठी. ही युक्ती युद्धकाळातल्या लष्करी गाडीतून आलेली. त्या गाडीला पायी चालणाऱ्या सैनिकांच्या चालीनं जावं लागे. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये ही जोडी १९६७ पर्यंत राहिली. जुन्या इंजिनात तेल थंड करणारी जाळी तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यातच उभी असे, म्हणून वरच्या गिअरमध्ये कुंथवलेल्या गाडीत आधी तोच सिलिंडर जायचा. ज्यांनी ती व्हॅन घाटात चालवली ते सगळे एकच सांगतात, गिअर लवकर खाली घ्या. सेनगावचा ड्रायव्हर जे बोलला तेच.

योगायोग इथे संपत नाही. हांबुर्गला विडाल उंड झोन नावाची कंपनी १९२८ पासून टेम्पो या नावानं स्वस्त तीन चाकी मालगाड्या काढत होती. १९४९ साली तिनं दोन गाड्या बाजारात आणल्या. एक हान्सेआट नावाची तीन चाकी आणि दुसरी एक टन माल नेणारी चार चाकी. त्या दुसरीचं नाव मॅटॅडोर. या पहिल्या मॅटॅडोरमध्ये इंजिन कुठलं होतं? फोक्सवॅगनचंच, हवेवर थंड होणारं, पंचवीस हॉर्सपॉवरचं. फक्त ते मागे न ठेवता पुढे आणून पुढच्या चाकांना जोडलं होतं. मार्च १९५० मध्ये फोक्सवॅगननं स्वतःची व्हॅन काढली. मग आपलंच इंजिन प्रतिस्पर्ध्याला कोण देईल? १९५२ साली पुरवठा थांबला आणि विडालना दुसरी इंजिनं शोधावी लागली. म्हणजे औरंगाबादला मी पाहिलेलं ते फिरतं घर आणि माझं कपाट वाहून नेणारी ती मॅटॅडोर, ही एका आजीची नातवंडं होती. हे कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून सांगितलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

फिरोदियांनी १९५८ साली याच विडाल कंपनीशी हात मिळवून बजाज टेम्पो कंपनी सुरू केली. बजाज घराण्याशी त्यांची भागीदारी आधीपासूनची. जमनालालजींचं ते घर गांधीजींचंच आणि हेही त्याच वाऱ्यातलं. पहिलं काम सुरू झालं मुंबईला, गोरेगावात. आमच्या सेनगाव तालुक्यातही एक गोरेगाव आहे आणि तिथल्या एका शेतकऱ्याला मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यानं टेम्पो आपल्याच गोरेगावात निघाला असं पक्कं धरून चाललं. मी ते खोडून काढलं नाही.

हान्सेआट म्हणजे पुढे एक चाक, त्याच्यावरच इंजिन, आणि मागे मालाचा हौदा. सोंड असलेल्या हत्तीसारखं तिचं तोंड. दिसायला वेडीवाकडी, आवाज फटफट. पण बैलगाडी जिथे जाते तिथे ती जायची आणि बैलगाडीपेक्षा चारपट माल दिवसात फिरवायची. उत्तरेतल्या शहरांत तिच्यात माणसंच कोंबून नेऊ लागले. जर्मनीत हान्सेआट १९५६ साली बंद झाली. आपल्याकडे ती पुढे कित्येक दशकं निघत राहिली. लोक हसायचे, की युरोपनं टाकून दिलेलं आपण घेतो. मलाही तरुणपणी असंच वाटायचं. आता वाटत नाही. युरोपनं ती टाकली कारण त्यांचे रस्ते आणि खिसे बदलले. आपले बदलले नव्हते. फिरोदियांनी मोठा ट्रक काढायची हौस केली नाही. ट्रक काढणारे दुसरे होते, आणि ट्रक घ्यायला लागतो तो मालक. हान्सेआट घ्यायला लागतो एक माणूस, जो स्वतःच चालवणार, स्वतःच धुणार आणि रात्री तिच्यातच झोपणार. हा माणूस त्यांना दिसला. त्या काळात तो फार थोड्यांना दिसत होता. बँकांच्या फॉर्ममध्ये तर त्याच्यासाठी रकानाच नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो फॉर्म मी भरत होतो.

१९६० च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९६४ साली वायकिंग ही चार चाकी गाडी आली आणि दशक संपता संपता मॅटॅडोर. तीही आपल्याकडे आली ती डिझेल इंजिन घेऊन, आणि हे फार महत्त्वाचं. डिझेल इंजिन पेट्रोलसारखं भरभर फिरत नाही, पण हळू फिरतानाच त्याची ओढ मोठी असते. रस्ता खराब, वजन जास्त, घाई नाही. मराठवाड्याला आणि विदर्भाला याहून योग्य काय मिळणार? पुढे १९८० च्या दशकात डाइमलर-बेंझशी करार होऊन त्यांचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन इथे तयार व्हायला लागलं. मर्सिडीजच्या आलिशान मोटारीत बसणारं ते इंजिन आमच्याकडे कापसाच्या गाठी आणि वऱ्हाडं ओढायला लागलं. १९८७ साली टेम्पो ट्रॅव्हलर आली. आज शिर्डी-अष्टविनायकाला जाणाऱ्या कुटुंबांचं फिरतं घर तेच आहे.

भागीदारी मात्र टिकली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीला फिरोदिया आणि बजाज यांच्यात बिनसलं. स्कूटर-रिक्षा काढणारी बजाज ऑटो बजाज घराण्याकडे राहिली, बजाज टेम्पो फिरोदियांकडे. कोणाचं किती चुकलं, हे ठरवायला मी बसत नाही. घराघरांतल्या वाटण्यांचे खटले मी कर्जखात्यांच्या निमित्तानं भरपूर पाहिले, आणि दोन्ही बाजूंचे कागद बरोबर असतात असाच अनुभव आहे. एक गोष्ट मात्र मला चटका लावून जाते. ज्या ऑटोरिक्षासाठी या माणसानं मोरारजींचे उंबरे झिजवले, ती रिक्षा देशभर दुसऱ्याच्या नावानं ओळखली गेली. आणि जी गाडी त्यांच्याकडे राहिली, तिच्यावरही अर्धं नाव बजाजांचंच. त्यांच्या धाकट्या बंधूंनी, हस्तीमल फिरोदियांनी, कायनेटिक उभी केली आणि १९७२ साली लूना रस्त्यावर आणली. तीही अशीच, छोट्या माणसाची छोटी गाडी. नगरच्या त्या घराला वेगाचं वेड नव्हतं एवढं खरं.

नवलमल फिरोदिया १९९७ साली गेले. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या विधी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, मोटारवाल्याचं नाव कायद्याच्या कॉलेजला कसं? सुरुवात तिथूनच झाली होती, हे त्याला माहीत नसतं. जर्मनीत टेम्पो हे नाव कधीच पुसलं गेलं. विडालांची कंपनी मोठ्या कंपनीनं गिळली, तिला आणखी मोठीनं. आपल्याकडेही २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. पण लोकांच्या तोंडचं नाव कोण बदलणार? आज कुठल्याही कंपनीची चार चाकी मालगाडी दारात आली, तरी आपण टेम्पो आला असंच म्हणतो.

२००१ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मोकळा झाल्यावर नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला गेलो आणि तिथून सेनगावला. अकरा वर्षांत गाव ओळखू येईना. बसस्टँडजवळ काळी-पिवळी जीपची रांग लागलेली. तिच्या टोकाला, लिंबाखाली, एक मॅटॅडोर उभी होती, हिरवा रंग उडालेली. आणि तिच्या सावलीत तो बसला होता. केस पांढरे झाले होते.

त्यानं मला लगेच ओळखलं. चहा मागवला. गाडी त्याचीच होती. १९९२ साली घेतली, एका खाजगी सावकाराकडून पैसे उचलून. व्याज किती पडलं, ते मी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. मी तोंडी हिशेब केला. बँकेच्या दराच्या दुपटीहून जास्त. पाच वर्षांत फिटायचं ते कर्ज त्यानं आठ वर्षांत फेडलं होतं. मधल्या तीन वर्षांचं जे व्याज गेलं, ते माझ्या त्या एका ओळीच्या शेऱ्यानं गेलं. तो मात्र सांगत होता, दोन मुलींची लग्नं याच गाडीवर झाली, मुलगा हिंगोलीला शिकतो. तक्रारीचा सूर नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

मॅटॅडोर आता निघत नाही, म्हणाला. सुटे भाग भंगारातून शोधावे लागतात. तरी विकणार नाही. मग एकदम म्हणाला, साहेब, चालवून बघता का? मी कधी मोठी गाडी चालवली नव्हती. पण नाही म्हणवेना. तो शेजारी बसला. गावाबाहेर येलदरीच्या रस्त्याला लागलो. रस्ता आता चांगला होता. ओढ्यावर पूल झाला होता, चढ मात्र तोच. मी तिसऱ्यात होतो आणि गाडी छान चालली होती, म्हणून तसाच राहिलो. चढ सुरू झाला. आवाज खाली उतरत गेला, जमिनीतून आल्यासारखा. माझ्या पायाखालची पत्र्याची फळी थरथरायला लागली. मी क्लच दाबला, पण दांडा कुठल्या बाजूला न्यायचा ते ऐनवेळी आठवेना. त्यानं काही न बोलता आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दांडा दुसऱ्यात ओढला.